मेली ती ललिता

गेल्या लग्नसराईत एका साखरपुड्याला गेले होते. ओटी भरून झाली होती, पेढ्यांचं तबक फिरत होतं आणि मुलाची आई कुणाला काय मिळालं, काय राहिलं ते बघत हॉलभर हिंडत होती. उंच, सडपातळ, केस घट्ट मागे बांधलेले, चेहऱ्यावर हिशेब. माझ्या शेजारी मुलीची मैत्रीण बसली होती. ती पलीकडचीच्या कानात म्हणाली, “सासू बघितलीस? डिट्टो ललिता पवार.” दोघी तोंडावर हात ठेवून खुदखुदल्या. मला राहवलं नाही. विचारलं, “ललिता पवारांचा कुठला सिनेमा बघितलास गं?” ती जरा गोंधळली. “सिनेमा असा नाही हो काकू. म्हणतात ना, तसं.” तेवढ्यात आइस्क्रीमचे कप आले आणि आमचं बोलणं तिथेच राहिलं.

माझ्या डोक्यातून मात्र ते जाईना. बाई १९९८ साली गेल्या. ही पोर तेव्हा जन्मलीही नसेल. तिच्या पिढीला लीला चिटणीस कोण ते सांगावं लागतं, उषा किरण सांगावी लागते, मधुबालासुद्धा हल्ली फोटो दाखवून सांगावी लागते. या एका नटीचं नाव मात्र न सांगता पोचलंय. तिचं काम कुणी बघितलेलं नाही, तिचा राग मात्र सगळ्यांना ठाऊक आहे. साठ-सत्तर वर्षं पडद्यावर राबल्यावर मागे उरावं ते हे? की हेच खरं उरणं? मला अजून ठरवता येत नाही.

आमच्या घरी तिचं नाव ‘मेली ती ललिता’ असं होतं. १९८७ साली रविवारी सकाळी ‘रामायण’ लागायचं, तेव्हा आजी आपली वेताची खुर्ची टीव्हीसमोर ओढून बसायची. राम आला की हात जोडायची. मंथरा आली की उठून खुर्ची फिरवायची आणि टीव्हीकडे पाठ करून बसायची. तोंड बघायचं नाही म्हणून. कान मात्र पूर्ण तिकडे. मंथरेचं एकेक वाक्य संपलं की आजी पाठमोरीच म्हणायची, “मेली ती ललिता, घर फोडणार बघ आता.” मंथरा म्हणायची नाही, ललिताच म्हणायची. मंथरा एका रामायणापुरती होती. ललितेने आजीच्या लेखी निदान पन्नास घरं फोडलेली होती. आई त्या वेळी स्वयंपाकघराच्या दारात उभी असायची, हाताला कणीक तशीच. ती मंथरेला डोळे भरून बघायची. आजीच्या राज्यात सासू या विषयावर आईला काही बोलायची सोय नव्हती. मंथरेला शिव्या पडायला लागल्या की आईच्या चेहऱ्यावर जे काही उमटायचं, त्याला मी तेव्हा भक्ती समजत होते.

मालिका सुरू झाली तेव्हा बाई सत्तर वर्षांच्या होत्या. आणि ती मंथरा त्यांना नवी नव्हती. १९६१च्या ‘संपूर्ण रामायण’मध्येही मंथरा त्याच. तेच कुबड पंचवीस वर्षांच्या अंतराने दोनदा पाठीवर घेतलेली दुसरी नटी मला तरी आठवत नाही.

त्याच्याही आधी मी त्यांना बघितलं ते गणपतीत. आमच्या गल्लीत आरतीनंतर सोळा एमएमचा प्रोजेक्टर लावून सिनेमा दाखवायचे. रस्त्याच्या मधोमध दोन खांबांना पांढरा पडदा ताणायचे आणि पडद्याच्या पुढे जागा पुरायची नाही, म्हणून अर्धी गल्ली मागच्या बाजूला चटया टाकून बसायची. मागून सिनेमा तसाच दिसतो, फक्त उलटा. पाट्या वाचता येत नाहीत, हिरो डाव्या हाताने पिस्तूल झाडतो. आमचं घर पडद्यामागे. त्यामुळे पुढच्या बाजूच्या माझ्या मावसभावाच्या मते तिचा डावा डोळा अधू आणि माझ्या मते उजवा. यावरून आमची चांगलीच जुंपायची. खरा डोळा की मेकअप, यावरही. कुणीतरी मोठ्याने सांगितलं, “अरे, शूटिंगमध्ये थप्पड बसली तिला.” त्या वयात आम्हाला ते फार आवडलं. दुष्ट बाईला कुणीतरी आधीच शिक्षा करून ठेवलेली होती.

ती थप्पड आता सगळ्यांना पाठ आहे. साल १९४२, समोर भगवानदादा, थप्पड मारायचा प्रसंग, हात भलताच जोरात बसतो, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, डावा डोळा कायमचा बारीक होतो, तीन वर्षं उपचार, नायिका संपते आणि खाष्ट सासू जन्माला येते. मोबाइलवर फिरणाऱ्या मजकुरात ही गोष्ट याच क्रमाने येते आणि खाली ‘पण त्यांनी हार मानली नाही’ असं एक वाक्य आणि हात जोडलेलं चित्र असतं. त्यातला अपघात खराच आहे. मांडणी मला खटकते. तीन वर्षांचा हिशेब धरला तर १९४५पर्यंत बाई घरीच असायला हव्यात. पण प्रभातचा ‘रामशास्त्री’ १९४४चा आहे आणि त्यात आनंदीबाई ललिता पवार आहेत. म्हणजे उपचार चालू असताना किंवा जेमतेम संपतासंपता, चेहरा अजून पुरता ताब्यात आलेला नसताना, बाई प्रभातच्या दिव्यांखाली उभ्या होत्या. आणि त्याही कुणाच्या वेशात, तर आनंदीबाईच्या! ‘ध’चा ‘मा’ करणारी बाई म्हणून महाराष्ट्राने जिला पिढ्यान् पिढ्या शिव्या घातल्या तिच्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त दुर्गाबाई खोट्यांनी हीच आनंदीबाई रंगभूमीवर गाजवली. पण दुर्गाबाईंच्या चेहऱ्याला कुणी काही केलेलं नव्हतं. त्या हवं तेव्हा आनंदीबाई होत्या आणि हवं तेव्हा जोधाबाई. ललिताबाईंना परत यायला जे दार उघडं मिळालं, ते हे असं होतं.

थप्पडीच्या गोष्टीने आणखी एक अन्याय केला आहे. तिच्या आधीचं सगळं पुसून टाकलं. येवल्याच्या, कापडाच्या व्यापाऱ्याच्या घरातली ही अंबू. मूकपटांच्या काळात, शाळकरी वयात, पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत नानासाहेब सरपोतदारांकडे कामाला लागली. १९३२ साली, म्हणजे सोळाव्या वर्षी, ‘कैलास’ नावाच्या मूकपटात काम करून त्याच्या निर्मितीतही तिचा वाटा होता. बोलपट आले तेव्हा किती नायिकांच्या पोटात गोळा आला असेल! चेहरा होता, भाषा नव्हती. भाषा होती, गळा नव्हता. या बाईने १९३५च्या ‘हिम्मत-ए-मर्दां’मध्ये नायिका होऊन स्वतःची गाणी स्वतः म्हटली. पुढे पुन्हा निर्माती झाल्या. संसार मोडला, दुसरा मांडला. १९४२ येईपर्यंत मूकपट ते बोलपट हा मोठा खड्डा ओलांडून झालेला होता आणि त्यात त्यांच्या बरोबरच्या कितीतरी जणी वाहून गेलेल्या होत्या. म्हणून मला वाटतं, थप्पडीने ही बाई चिवट झाली असं नाही. ती चिवट होतीच. थप्पड तिच्या वाटेत मध्येच कुठेतरी आली.

त्या डोळ्याचं पुढे काय केलं, ते मात्र बघत राहावं असं आहे. दुसरी कुणी असती तर कॅमेऱ्याला उजवी बाजू देत आयुष्य काढलं असतं. यांनी डावी बाजूच पुढे केली. डावा डोळा आपल्या मनाने बारीक व्हायचा, त्याच्या जोडीला उजवी भुवई किती वर न्यायची, ओठाचा कोपरा कधी खाली ओढायचा, मान किती डिग्री वळवायची, हे सगळं त्यांनी बसवून काढलं असणार. असणार म्हणते, कारण बघताना ते बसवलेलं वाटत नाही. नीट बघितलं तर त्यांच्या सासवा एकीसारखी दुसरी नाहीत. शांतारामांच्या ‘दहेज’मधली सासू लोभी आहे, तिची नजर माणसावरून घसरून सारखी वस्तूंवर जाते. ‘जंगली’मधली आई लोभी मुळीच नाही, ती शिस्तीची आहे, घरात हसायचं नाही हा तिचा नियम, आणि तो मोडला की तिला राग येण्याआधी क्षणभर भीती वाटते. कपाळावर तेवढीच आठी, डोळा तेवढाच बारीक. पण एकीत हाव आणि दुसरीत धास्ती. आपण मात्र दोघींना मिळून एकच नाव ठेवलं.

आणि मग मिसेस डी’सा.

‘अनाडी’ आला १९५९ला. त्यात राज कपूर भाडेकरू आणि या त्याच्या घरमालकीण. अंगात फ्रॉक, बोलण्यात मुंबईच्या ख्रिस्ती वस्तीतलं ते मोडकंतोडकं, गोड हिंदी, आणि सतत फणकारा. भाडं थकलं म्हणून त्याला फैलावर घ्यायचं आणि लगेच जेवायला वाढायचं. त्याची न खपणारी चित्रं ‘विकून आणते’ म्हणून घेऊन जायची, पैसे आणून द्यायचे, आणि चित्रं आपल्याच घरात लपवून ठेवायची. बाईंनी इथे डोळ्याचा उपयोग नेमका उलटा केला आहे. तोच डोळा बारीक होतो, आपण आता विष येणार म्हणून सावरून बसतो, आणि त्या डोळ्यातून बाहेर पडतं ते न लपणारं हसू. फिल्मफेअरचं पारितोषिक मिळालं त्या भूमिकेला. त्याआधी ‘श्री ४२०’मध्ये त्याच राज कपूरशी केळ्यांच्या भावावरून हुज्जत घालणारी गंगामाई होती, नंतर ‘मेम दीदी’मध्ये तर शीर्षक-भूमिकाच त्यांची. ‘आनंद’मधल्या मेट्रनचं नावही ‘अनाडी’चेच दिग्दर्शक हृषीदा, म्हणजे हृषीकेश मुखर्जी, यांनी डी’साच ठेवलं, मिसेस डी’साला विसरायला ते तयार नसावेत. मग साखरपुड्यातल्या त्या कडक विहिणीला बघून कुणाला मिसेस डी’सा का आठवत नाही? दोघींचा चेहरा एकच तर आहे. खाष्टपणा लक्षात ठेवायला सोपा असतो की काय कुणास ठाऊक. की आपल्याला सासू हवी असते ती तशीच?

इथे माझं मन दोन्हीकडे ओढलं जातं. कारण ज्या भूमिकांनी बाईंचं घर चालवलं, त्या भूमिकांनी आपल्या घरांत काही कमी उत्पात केलेला नाही. त्या सिनेमांत सून छळली जाते तेव्हा छळणारी नेहमी बाई. सासरा सज्जन आणि हतबल, पेपरात तोंड खुपसून बसलेला. नवरा आईपुढे बोलू न शकणारा, किंवा परगावी गेलेला. हुंड्याच्या पैशाने कर्ज कुणाचं फिटणार, कारखाना कुणाचा चालणार, हे कुणी विचारत नाही. सगळं पाप त्या एका बारीक डोळ्यात भरून टाकलं की बाकीचे मोकळे. ‘दहेज’ १९५० सालचा; हुंडाबंदीचा कायदा आला १९६१ला; आणि मधली सगळी वर्षं थिएटरात बायका ललिता पवारांना शिव्या घालून घरी जात होत्या आणि घरी गेल्यावर आपापल्या सासऱ्यांना चहा करून देत होत्या. या सिनेमांचे लेखक पुरुष, दिग्दर्शक पुरुष, पैसा लावणारे पुरुष. बाईंनी त्यांचं काम केलं. उत्तम केलं, हीच अडचण. जरा वाईट केलं असतं तर इतकं पटलं नसतं. आजीसुद्धा स्वतः कडक सासू होती, आईला माहेरी जायचं असलं की तिची तब्येत हटकून बिघडायची. पण तिला पडद्यावरच्या ललितेत आपण कधी दिसलो नाही. ती निर्धास्तपणे शिव्या देत राहिली.

तरी बाईंनी नाही म्हणून काय केलं असतं? त्या धंद्यात नायिकेला पस्तिशीनंतर दोनच खुर्च्या ठेवलेल्या असत. एक रडणाऱ्या आईची आणि एक रडवणाऱ्या सासूची. ‘हम दोनों’मध्ये देव आनंदच्या दोन भूमिका आहेत आणि दोघांच्या आया आपल्या मराठी बायका आहेत, एकाची लीला चिटणीस, दुसऱ्याची ललिता पवार. लीलाबाई म्हणजे ‘कंगन’, ‘बंधन’, ‘झूला’मधली अशोककुमारची नायिका, लक्स साबणाच्या जाहिरातीत झळकलेली पहिली भारतीय नटी. आणि ललिताबाई देव आनंदपेक्षा फक्त सात वर्षांनी मोठ्या. सुलोचनादीदींनी तर कमाल केली. १९७०च्या ‘जॉनी मेरा नाम’मध्ये त्या देव आनंदच्या आई झाल्या, आणि वयाने त्याच्याहून पाच वर्षांनी लहान होत्या! देव पुढेही कितीतरी वर्षं नायिकांमागे धावत राहिला. यावर दीदी कधी कडवट झाल्याचं मी कुठे वाचलेलं नाही. त्यांच्या आईपणाला लोकांनी नमस्कार केला, महाराष्ट्र भूषण दिलं. दुर्गाबाईंना फाळके पुरस्कार मिळाला. ललिताबाईंच्या वाट्याला लोकांकडून जे आलं ते शिवीच्या रूपात आलं, आणि नटाला तीही पावती असते हे मला मान्य आहे. पण सांभाळून ठेवावी अशी ती पावती नव्हे.

भगवानदादांचाही विचार येतो. ‘अलबेला’ने त्यांना आभाळात नेलं आणि पुढच्या सिनेमांनी सगळं काढून घेतलं. शेवटची वर्षं दादरच्या चाळीत गेली. उतारवयात गर्दीच्या गाण्यात तीच ती एक स्टेप करून दाखवायला त्यांना बोलवायचे. लोक टाळ्या वाजवायचे, कॅमेरा पुढे सरकायचा. ज्याचा हात लागला तो आणि जिला लागला ती, दोघंही म्हातारपणापर्यंत छोट्या छोट्या कामांसाठी तोंडाला रंग लावत राहिले. दादांची गोष्ट कुणी ‘हार मानली नाही’ म्हणून सांगत नाही. त्यांच्या बाबतीत लोक चुकचुकतात. बाईंच्या शेवटाबद्दलही असंच चुकचुकणारं पुष्कळ छापून आलं आहे. २४ फेब्रुवारी १९९८, पुण्यात औंधला. मला त्यात शिरावंसं वाटत नाही. सत्तर वर्षं काम केलेल्या माणसाचा हिशेब त्याच्या शेवटच्या दोन दिवसांवरून मांडणं ही आपली खोड आहे.

हल्ली रात्री आई आणि मी त्यांचे जुने सिनेमे लावून बसतो. आजी जाऊन बरीच वर्षं झाली, आईचे गुडघे गेले, आणि वेताची ती खुर्ची आता आईकडे आहे. परवा ‘प्रोफेसर’ लावला. शम्मी कपूर म्हातारा प्रोफेसर बनून दार्जिलिंगच्या एका घरात शिकवायला जातो, आणि त्या घरातल्या पोरांची करारी मावशी त्या खोट्या म्हाताऱ्याच्या खरोखर प्रेमात पडते. मावशी म्हणजे अर्थात ललिताबाई. प्रसंग सगळे विनोदी आहेत. म्हातारी लाजते म्हणून हसायचं, मुरकते म्हणून हसायचं. थिएटरात लोक गडागडा हसले असतील. बाईंना आयता हशा मिळत होता, जरासं वेडंवाकडं केलं असतं तरी चाललं असतं. त्या करत नाहीत. त्या अगदी गंभीरपणे प्रेमात पडतात. उभं आयुष्य दुसऱ्यांची पोरं धाकात ठेवण्यात गेलेल्या बाईला कुणीतरी चार शब्द बरे बोललं तर तिचं जे होईल, तेवढंच. तो अधू डोळा तिथे पहिल्यांदाच संकोचाने मिटल्यासारखा वाटतो. मी हसता हसता थांबले. आई आधीच थांबलेली होती. “ही बाई काय सुंदर दिसली असेल गं तरुणपणी,” ती म्हणाली, आणि मग जरा वेळाने, “अजूनही दिसतेय की.”

मी म्हटलं, उद्या ‘दहेज’ बघू या; तुलना करता येईल. आईने चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “ती सासू नको मला घरात,” ती म्हणाली. “एक झाली तेवढी पुरे. ‘अनाडी’ लाव.”